क्रेटर लेक: नाहीशा झालेल्या डोंगराभोवती एक अख्खा दिवस

ऑरेगॉनमधलं क्रेटर लेक पाहायला गेलेली बहुतेक मंडळी रिम व्हिलेजला गाडी लावतात, कठड्यापाशी जाऊन उभी राहतात, पाचपन्नास फोटो काढतात आणि तासाभरात परत फिरतात. पाणी आहेच इतकं निळं की तेवढ्यानेही पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण या राष्ट्रीय उद्यानातली खरी पाहण्यासारखी गोष्ट पाण्याच्या वर होती. आज जिथे मोकळं आकाश दिसतं, तिथे साधारण ३,७०० मीटर उंचीचा माउंट मझामा उभा होता. तो सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी खचला. तो कसा खचला याच्या खुणा काठावर जागोजाग शिल्लक आहेत आणि योग्य क्रमाने पाहत गेलं तर संध्याकाळपर्यंत तो डोंगर मनात पुन्हा उभा राहतो. या लेखात तो क्रम दिला आहे. पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो-बीव्हर्टनमधून, सिएटलहून किंवा बे एरियातून निघणाऱ्या मराठी कुटुंबांना, आणि उन्हाळ्यात मुलांकडे आलेल्या आईबाबांना तो उपयोगी पडावा.

निघण्याआधी: नेमकं झालं काय

मझामाच्या पोटात वितळलेल्या खडकाचा प्रचंड साठा होता. सुरुवातीला एकाच तोंडातून राख आणि प्युमिस, म्हणजे भोकाभोकांचा हलका दगड, आकाशात उसळले. खालचा साठा रिता होत गेला तसा वरचा आधार गेला आणि माथा आत बसला. कणगीच्या तळाचं दार उघडून धान्य काढत गेलं की वरचा ढीग मधोमध खचतो, तसंच. खचता खचता कडेने गोल भेगा पडल्या, त्यांतून तापलेली राख आणि वायू लोटांनी उतारावरून धावले आणि साठेक किलोमीटरपर्यंत पोहोचले. एकूण ५० घन किलोमीटरच्या आसपास मॅग्मा, म्हणजे तो वितळलेला खडक, बाहेर पडला. त्याची राख अमेरिकेच्या आठ राज्यांत आणि कॅनडाच्या तीन प्रांतांत सापडते.

मागे राहिलेल्या खोलगटाला कॅल्डेरा म्हणतात. तो साधारण ८ बाय १० किलोमीटरचा आहे. सुमारे ७०० वर्षं त्यात पाऊस आणि बर्फ साठत राहिला. आज तळं ५९२ मीटर खोल आहे, अमेरिकेतलं सगळ्यात खोल. त्यात एकही नदी येऊन मिळत नाही आणि त्यातून एकही बाहेर पडत नाही. जेवढं पाणी वरून येतं, तेवढंच वाफ होऊन आणि खडकांतून झिरपून जातं.

इथे आपल्याला लोणार आठवल्याशिवाय राहत नाही. लोणारही गोल, तेही खडकातल्या खड्ड्यात, त्यातूनही नदी बाहेर पडत नाही. पण लोणारचा खड्डा उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेला आहे, तर क्रेटर लेकचा डोंगर आतून खचलेला आहे. आकारही वेगळा: लोणारचा व्यास दोन किलोमीटरही भरत नाही. पाण्यातला फरक तर मला सगळ्यात विलक्षण वाटतो. लोणारचं पाणी बाष्पीभवनाने आटतं, क्षार मागे उरतात, म्हणून ते खारं आणि अल्कधर्मी. क्रेटर लेकमध्ये मात्र झिरपणाऱ्या पाण्याबरोबर क्षारही निघून जातात, म्हणून ते गोडं राहतं. गाळ आणणारी नदी नाही, त्यामुळे ते नितळही राहतं. इथे पाण्यात सोडलेली पांढरी-काळी तबकडी सरासरी ३० मीटर खोलीपर्यंत दिसते, आणि ४० मीटरच्या पुढेही ती दिसल्याची नोंद आहे. इतक्या स्वच्छ, खोल पाण्यात सूर्यप्रकाशातले तांबडे-पिवळे रंग विरून जातात आणि निळा तेवढा विखरून वर येतो.

कधी जायचं

पूर्ण फेरी करायची तर जुलैचा मध्य ते सप्टेंबरअखेर. इथे वर्षाला सरासरी १२ मीटरच्या वर बर्फ पडतो, त्यामुळे जूनमध्येही काठावर बर्फाच्या भिंती असू शकतात. तळ्याभोवतीचा ५३ किलोमीटरचा रस्ता, म्हणजे रिम ड्राइव्ह, टप्प्याटप्प्याने उघडतो. पश्चिमेकडचा भाग आधी, पूर्वेकडचा बहुधा जुलैत. उत्तरेचं प्रवेशद्वार साधारण नोव्हेंबर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत बंद असतं. फोनवरचा नकाशा बंद रस्त्यावरूनही वाट दाखवतो, त्यावर विसंबू नका. निघायच्या दिवशी सकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती बघा.

दोन गोष्टींचा हिशेब ठेवा. जुलैच्या पूर्वार्धात डास फार असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आसपासच्या वणव्यांचा धूर तळ्यावर साचू शकतो, आणि मग समोरचा काठसुद्धा दिसत नाही. संकेतस्थळावर थेट कॅमेऱ्याचं चित्र असतं, ते बघूनच गाडी काढावी. तारखा मागेपुढे करता येत असतील तर माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला: डास ओसरलेले, गर्दी उतरलेली, रस्ता पूर्ण उघडा. धुराचा धोका तेवढा पत्करावा लागतो.

पोहोचायचं कसं, जवळ काय ठेवायचं

क्लॅमथ फॉल्सहून शंभरेक किलोमीटर, मेडफर्डहून सुमारे १३० आणि पोर्टलंडहून ४०० किलोमीटर अंतर पडतं. पोर्टलंडहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे आठ-नऊ तास नुसती गाडी चालवणं. त्यापेक्षा आदल्या रात्री बेंड, मेडफर्ड किंवा क्लॅमथ फॉल्सला मुक्काम करा. काठावरच्या लॉजमध्ये ७१ खोल्या आहेत आणि उन्हाळ्यातल्या तारखा महिने महिने आधी भरतात.

टाकी बाहेरच पूर्ण भरून घ्या. मोबाइलला रेंज नसल्यासारखीच असते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. प्रवेशशुल्क गाडीमागे असतं आणि ते सात दिवस चालतं. ड्रोनला बंदी आहे. शाकाहारी मंडळींनी दशम्या-चटणी, पराठे असं काहीतरी बरोबर ठेवावं. खाणं मिळतं, पण ठिकाणं मोजकी आणि एकमेकांपासून लांब. खारी अंगावर येऊन खाऊ मागतात, त्यांना काहीही घालू नका. काठाची उंची २,१०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे ज्येष्ठांना चढावर दम लागतो. पाणी भरपूर प्यायचं, सावकाश चालायचं. ऑगस्टमध्येही स्वेटर हवाच.

पहिला थांबा रिम व्हिलेज, सकाळी लवकर

आठच्या आत पोहोचलात तर गाडी लावायला जागा आणि शांतपणा दोन्ही मिळेल. आधी सिनॉट मेमोरियलला जा. काठावरून पायऱ्या उतरून गेलं की कड्याच्या अंगात बसवलेला दगडी सज्जा लागतो. तो १९३१ मध्ये खुला झाला. इथून तळं तर दिसतंच, शिवाय समोरच्या भिंतीतले थर कसे वाचायचे हेही कळतं. म्हणून फेरी इथून सुरू करावी. पाण्यात वर आलेला शंकू म्हणजे विझार्ड आयलंड. मझामा खचल्यानंतर काही शतकांतच तळातून पुन्हा स्फोट झाले आणि हा राखेचा शंकू उभा राहिला. पाण्यावर तो सुमारे २३० मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावरही एक छोटं विवर आहे. याच काळात आणखीही शंकू तयार झाले, पण ते पाण्याखाली बुडाले.

नंतर लॉज बघा, राहायला नसलात तरी. ते १९१५ मध्ये सुरू झालं, तेही अपुऱ्या पायावर आणि अपुऱ्या पैशात. दरवर्षीच्या बर्फाच्या ओझ्याने ते खिळखिळं झालं, आणि मोठा हॉल कोसळेल अशा इशाऱ्यानंतर १९८९ मध्ये ते बंद करावं लागलं. पाडून टाकण्याचा विचार होता. लोकांनी तो हाणून पाडला आणि पुनर्बांधणी होऊन १९९५ मध्ये ते पुन्हा उघडलं. दगडी चुलाण्यापुढे बसून कॉफी घ्या आणि मागच्या व्हरांड्यातल्या खुर्च्यांवरून तळं बघा.

या उद्यानामागे असलेल्या माणसाची ओळखही इथेच करून घ्यावी. विल्यम ग्लॅडस्टोन स्टील यांनी कॅन्ससमध्ये शाळकरी वयात, डबा गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात या तळ्याबद्दल वाचलं, असं ते स्वतः सांगत. ते १८८५ मध्ये पहिल्यांदा इथे आले आणि पुढची सतरा वर्षं त्यांनी तळं राखलं जावं यासाठी खर्ची घातली. अखेर २२ मे १९०२ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची सही झाली आणि क्रेटर लेक राष्ट्रीय उद्यान झालं. पाण्यात मुळात एकही मासा नव्हता. १८८८ मध्ये मासे आणून सोडले तेही स्टील यांनीच.

फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने

रिम व्हिलेजहून पश्चिमेकडच्या रस्त्याने निघा. या दिशेने तळं कायम उजव्या हाताला राहतं. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे थांबायच्या बहुतेक जागांत समोरून येणारी गाडी न अडवता वळता येतं. दुसरा फायदा उन्हाचा: पूर्वेच्या कड्यांवर दुपारनंतर ऊन येतं आणि तुम्हीही तिथे दुपारीच पोहोचता.

पहिला लहान थांबा डिस्कव्हरी पॉइंट. १२ जून १८५३ रोजी सोन्याच्या शोधात निघालेला जॉन वेस्ली हिल्मन याच बाजूने काठाशी आला, असं मानतात. गोऱ्या माणसांसाठी तो शोध होता. इथल्या मूळ रहिवाशांना, क्लॅमथ लोकांना, हे तळं हजारो वर्षं ठाऊक होतं. त्यांच्या कथेत डोंगराखालच्या जगाचा अधिपती लाओ आणि वरच्या जगाचा अधिपती स्केल यांचं युद्ध होतं, आग आणि दगड उडतात, आणि शेवटी डोंगर लाओच्या अंगावर कोसळतो. ज्यांच्या पूर्वजांनी हा स्फोट डोळ्यांनी पाहिला त्यांची ही आठवण आहे. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ लूथर क्रेसमन यांना ईशान्येकडच्या फोर्ट रॉक गुहेत झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या, त्या मझामाच्या राखेच्या थराखाली. त्या नऊ हजार वर्षांहून जुन्या निघाल्या. म्हणजे डोंगर खचला तेव्हा माणसं या भागात राहत होती याचा पुरावा राखेनेच जपून ठेवला. क्लॅमथ लोकांसाठी तळं आजही पवित्र आहे. कड्यावरून दगड लोटू नका आणि आरडाओरडा टाळा.

पुढे वॉचमन लागतो. त्याच्या माथ्यावर आगीवर नजर ठेवण्यासाठी १९३२ च्या सुमारास बांधलेली दगडी चौकी आहे. आत्ता फक्त वाट कुठून सुटते ते पाहून ठेवा, चढायला संध्याकाळी या. नावामागची हकीकत अशी: १८८६ मध्ये क्लॅरेन्स डटन यांच्या तुकडीने ‘क्लीटवुड’ नावाची जड होडी डोंगरावर ओढून आणली आणि कड्यावरून तळ्यात उतरवली. पियानोच्या तारेला शिशाचं वजन बांधून त्यांनी १६८ ठिकाणी खोली मोजली. होडी नेमकी कुठे आहे हे इथे काठावर बसलेली माणसं टिपत होती, म्हणून हा वॉचमन. त्यांचं सगळ्यात खोल माप ६०८ मीटर आलं. आजच्या उपकरणांनी ते ५९२ येतं. तारेच्या टोकाला वजन बांधून इतक्या जवळ जाणाऱ्या त्या माणसांना मानलं पाहिजे.

वॉचमनच्या शेजारचा हिल्मन पीक हा काठावरचा सगळ्यात उंच भाग. तो मझामाच्या कुशीतला स्वतंत्र शंकू होता आणि डोंगर खचताना त्याचा अर्धा भाग आत गेला. उरलेल्या अर्ध्यात त्याचं पोट उघडं पडलेलं दिसतं. थोडं पुढे पाण्यापासून काठापर्यंत चढत गेलेली काळी कातळपट्टी आहे, डेव्हिल्स बॅकबोन. भेगेत शिरून थिजलेला लाव्हाच तो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना अशा डाइकच्या भिंती ओळखीच्या असतील. इथे एकच भिंत तळापासून काठापर्यंत सलग बघायला मिळते.

उत्तरेकडे लाओ रॉक हा भलाथोरला कडा आहे. त्यातला लाव्हाचा थर मधोमध सुमारे ३७० मीटर जाड आहे, आणि तो महास्फोटाच्या आधी फार तर एक-दोन शतकं ओतला गेला. त्याच्या पुढची जागा मला या फेरीत सगळ्यात मोलाची वाटते.

क्लीटवुड: इथे घाई करू नका

इथे महास्फोटाच्या अगदी तोंडावर लाव्हाचा आणखी एक प्रवाह वर आला. तो पुरता थिजायच्या आत डोंगर खचला. आतून अजून मऊ असलेला लाव्हा मग मागे वळला आणि नव्याने तयार झालेल्या खड्ड्याच्या भिंतीवरून खाली ओघळला. तो ओघळ कड्यावर अजून आहे. त्यावर पडलेला प्युमिस खालच्या उष्णतेने भाजून गुलाबी-तांबूस झाला आणि चिकटून घट्ट बसला. रस्त्याकडेच्या कापलेल्या भागात हा रंग पाहता येतो. पुढेमागे कुठेही सुटा, फिकट, भोकाभोकांचा दगड दिसला तर उचलून हातात धरा: आकाराच्या मानाने तो इतका हलका लागतो की पाण्यावर तरंगेल याची खात्री पटते. पाहून झाल्यावर जागच्या जागी ठेवा, इथून दगड नेणं बेकायदेशीर आहे.

काठावरून पाण्यापर्यंत जाण्याची एकमेव अधिकृत वाट इथूनच उतरते: पावणेदोन किलोमीटरची, २०० मीटरहून अधिक उताराची. बोटीही याच वाटेच्या टोकाला लागतात. वाटेच्या आणि धक्क्याच्या मोठ्या दुरुस्तीसाठी ती कित्येक हंगाम बंद ठेवायचं ठरलेलं आहे, म्हणून बेत आखण्याआधी चौकशी करा आणि बोट नाहीच असं धरून चाला. दुसरीकडून उतरायचा मोह अजिबात नको. कड्याच्या आतल्या बाजूला सगळा घसारा आहे, आणि तिथे लोक खरोखरच जीव गमावतात.

बोट नसली तरी दुर्बीण घेऊन पाण्यावर एक उभा ओंडका शोधा. ‘ओल्ड मॅन’ म्हणतात त्याला. हेमलॉकचं ते सुमारे नऊ मीटर लांबीचं खोड १८९६ पासून तरी उभंच तरंगतंय. जेमतेम मीटरभर वर, बाकी पाण्यात. वाऱ्याने ते तळ्यात सगळीकडे फिरतं, त्यामुळे दिसलं तर नशीब.

पूर्वेचा काठ

क्लाउडकॅप हा फाट्यावरचा उंच थांबा चुकवू नका. वाऱ्याने वाकलेले व्हाइटबार्क पाइन इथे दिसतात, आणि त्यांच्या बिया जमिनीत पुरून ठेवणारे राखाडी-काळे नटक्रॅकर पक्षीही. पुरलेल्या काही बिया विसरल्या जातात आणि त्यांतूनच नवी झाडं उगवतात.

जवळच पमिस कॅसल: करड्या भिंतीत चमकणारा नारिंगी बुरूज. दुपारनंतरच्या उन्हात त्याचा रंग खुलतो, म्हणूनच ही वेळ.

पुढे केर नॉच आणि नंतर सन नॉच. या दोन खिंडींपाशी डोंगर हरवल्याचा सगळ्यात सरळ पुरावा मिळतो. काठाकडे पाठ करून खाली बघा. रुंद, गोलसर तळाची, हिमनदीने कोरलेली दरी उतरत गेलेली दिसेल. हिमनदी उंचावरच्या बर्फातून निघते. आता मागे वळा: दरी काठाशी येऊन तुटते आणि पुढे फक्त हवा आहे. हिमनद्या ज्या माथ्यावरून उतरत होत्या, तो माथा त्या हवेत होता.

याच बाजूने पाण्यात फँटम शिप दिसतं, शिडांच्या जहाजासारखं दगडी बेट. उघड्यावर दिसणाऱ्या कॅल्डेरातल्या खडकांत ते सगळ्यात जुनं, सुमारे चार लाख वर्षांचं. सन नॉचची वाट छोटी आहे आणि ज्येष्ठांनाही जमण्यासारखी आहे.

केर नॉचपासून दहाएक किलोमीटरचा फाटा पिनॅकल्सला जातो. वेळ कमी पडला तरी हा फाटा गाळू नका, हवं तर दुसरं काही गाळा. धगधगत्या राखेच्या लोटांनी इथली दरी भरून काढली होती. आत अडकलेले वायू वर येताना जिथून गेले तिथली राख नळीसारखी घट्ट झाली. पुढे ओढ्याने मऊ राख वाहून नेली आणि घट्ट नळ्या सुळके होऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या रंगाकडे नीट बघा: खाली फिकट पिवळसर, वर गडद करडा. साठ्यातला वरचा, हलका, सिलिकाने समृद्ध मॅग्मा आधी बाहेर पडला आणि तळाशी बसला. साठ्याच्या तळचा जड, गडद मॅग्मा शेवटी आला आणि वर पसरला. डोंगराचं पोट इथे उलटं होऊन दरीत पसरलेलं आहे. काठाने जाणारी सपाट वाट उद्यानाच्या जुन्या पूर्व प्रवेशद्वाराच्या दगडी खुणेपर्यंत नेते.

मुख्यालय, मग वॉचमन

रिम ड्राइव्ह पूर्ण करताना मन्सन व्हॅलीतलं मुख्यालय लागतं. १९२०-३० च्या दशकांतल्या या इमारती मोठमोठ्या दगडांच्या भिंती आणि उतरत्या छपरांनी इथल्या बर्फासाठीच घडवल्या आहेत. मागच्या झाडीत एका शिळेत कोरलेली स्त्रीची अर्धवट आकृती आहे, ‘लेडी ऑफ द वुड्स’. रस्ता बांधणाऱ्या तुकडीचे डॉक्टर अर्ल रसेल बुश यांनी ती १९१७ मध्ये कोरली. जवळच कॅसल क्रेस्टची रानफुलांची पाऊलवाट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर ती अर्ध्या तासात होते.

सूर्यास्ताच्या दीड तास आधी वॉचमनच्या पायथ्याशी असावं. चढ जेमतेम सव्वा किलोमीटरचा आणि १३० मीटरांचा आहे. माथ्यावरून विझार्ड आयलंड थेट खाली दिसतं. उतरताना अंधार असेल, डोक्याला लावायची विजेरी हवी. गाडी हळू चालवा, रस्त्यावर हरणं येतात.

दुसरा दिवस असेल आणि पाय धड असतील तर माउंट स्कॉट चढा. २,७२१ मीटर, उद्यानातलं सर्वोच्च ठिकाण, जाऊन-येऊन सात किलोमीटर. अख्खं तळं एका नजरेत मावतं. ते जमण्यासारखं नसेल तर लॉजमागून गारफील्ड पीक.

हिवाळ्यात आलात तर दक्षिणेकडचा रस्ता बहुतेक दिवस खुला ठेवलेला असतो आणि रिम व्हिलेजपर्यंत जाता येतं, बाकीची फेरी मात्र बंद. चाकांना साखळ्या बरोबर ठेवा, कड्याच्या टोकाशी लोंबलेल्या बर्फावर पाय देऊ नका, आणि ढगांनी तळं पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता धरून एक दिवस जास्तीचा ठेवा.